पूल टेबल विकणं सोपं, पावसाळ्यातून काढणं अवघड



पूल टेबलला ब्रश कसा मारायचा, ते व्हिडिओत दहा मिनिटांत दाखवलं. पण मी हे काम शिकलो का, ते शिकायला मला किती रुपये मोजावे लागले आणि त्यातून दुकानाला जोडधंदा कसा मिळाला, हे कॅमेऱ्यासमोर सांगायचं राहून गेलं. ते इथे निवांत सांगतो.

ऑगस्ट महिना होता. खाली वाईत नुसती रिपरिप, पण वर पाचगणीत चार दिवस ऊन दिसलं नव्हतं. दुकानात कॅरमच्या सोंगट्यांचे डबे मोजत बसलो होतो, तेवढ्यात फोन आला. पाचगणीजवळ बंगला असलेले पुण्याचे एक गृहस्थ. बंगला शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देतात. मार्चमध्ये मी त्यांना सात फुटी पूल टेबल विकलं होतं आणि त्या आनंदात घरी पेढेसुद्धा नेले होते.

"अहो, तुमच्या टेबलात भूतबीत आहे का? बॉल ठेवला की आपोआप खिडकीकडच्या कोपऱ्यात जातोय. पाहुणे हसायला लागलेत."

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढून वर गेलो. दार उघडताच कोंदट वास. टेबलाच्या कापडावर पांढरट बुरशीचे ठिपके, आणि खिडकीकडची बाजू हाताला फुगलेली लागत होती. बंगला सांभाळणारे मामा शेजारी उभे. मी विचारलं, "मामा, कव्हर कधी काढलं होतं?"

"आवं, तुमीच म्हनला न्हवता का, पाऊस लागला की रेक्झिन घालून ठेवा म्हनून? जूनला घातलं, ते काल काढलं बगा."

बरोबर होतं मामांचं. मीच सांगितलं होतं. ओल आत कोंडून ठेवायचा सल्ला माझाच. आणि टेबलही मीच निवडलेलं, स्वस्तात बसावं म्हणून दगडाऐवजी एमडीएफच्या फळीचं. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटद्रव्यात दाबून केलेली फळी. एकदा पाणी प्याली की फुगते, आणि फुगलेली परत बसत नाही. टेबल उचललं, त्यांचे ३८,००० रुपये परत केले, टेम्पोचं भाडंही मीच भरलं. बीबीएला 'विक्रीपश्चात सेवा' हा दोन मार्कांचा प्रश्न होता. त्याचा खरा अर्थ मला घाट उतरताना टेम्पोत कळला.

पैसे का परत केले, असं वर्कशॉपमध्ये मुलं विचारतात. वॉरंटी कार्डावर 'पाण्याने झालेलं नुकसान सोडून' असं छापलेलं होतंच की, म्हणतात. होतं. पण वाईसारख्या गावात गिऱ्हाईक कार्ड वाचत नाही, नाव लक्षात ठेवतं.

त्यानंतर मी पुण्यात एका जुन्या मार्करांना गाठलं. मार्कर म्हणजे क्लबातल्या बिलियर्ड्स खोलीत गुण मांडणारा माणूस. अर्धं आयुष्य त्यांनी त्याच कामात घालवलेलं. माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "तुमच्या गिऱ्हाइकाकडे मार्कर आहे का?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. मार्कर नुसते गुण मांडत नाही. संध्याकाळी मेंबर यायच्या आधी टेबलाला ब्रश मारतो, इस्त्री फिरवतो, बॉल पुसतो, क्यूचं टोक घासतो, मेंबर गेले की कव्हर घालतो. क्लबातली टेबलं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात ती या माणसामुळे. तेच टेबल घरी आलं की मार्कर मागे क्लबातच राहतो. घरात टेबलाचा मालक असतो, खेळणारी पोरं असतात, त्यावर बसणारे पाहुणे असतात, फक्त सांभाळणारा कुणी नसतो.

माझ्या धंद्याची कल्पना या एका वाक्यातून निघाली. टेबल विकणारे ऑनलाइन ढिगाने आहेत. घाटावरच्या घरांना फिरता मार्कर कोण देतो?

थोडं मागचं सांगतो, कारण गिऱ्हाइकाशी बोलताना हे उपयोगी पडतं. स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये आपल्याच देशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला त्याचं श्रेय देतात (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत, गिऱ्हाईक हटकून विचारतं). आणि आपल्या पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला तो पहिला भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी तोच किताब पुन्हा जिंकला. म्हणजे हा खेळ आपल्याला काही परका नाही. पण तो वाढला क्लबात, आणि क्लबात टेबलाची काळजी हा मेंबरचा विषय कधीच नव्हता. म्हणून आजही चांगले खेळणारे लोक टेबलाबद्दल फार थोडं जाणतात.

आता टेबल आतून बघा. चांगल्या टेबलाच्या कापडाखाली स्लेटचा दगड असतो. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास लाकडी फळीऐवजी स्लेट वापरायला सुरुवात केली. कारण लाकूड हवेप्रमाणे हलतं, दगड हलत नाही. आठ फुटी टेबलाला एक इंच जाडीची स्लेट धरली तर हिशोबाने नुसता दगड २०० किलोच्या आसपास भरतो. एवढा एकसंध दगड हलवणं अवघड, म्हणून मोठ्या टेबलात तो बहुधा तीन तुकड्यांत असतो आणि त्यांच्या सांध्यात मधमाशीचं मेण भरतात. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. टॉर्चने तापवून ते सांध्यात सोडायचं, थंड झालं की पात्याने खरवडून दगडाच्या पातळीला आणायचं. मला मेणासाठी मुंबईला फोन करावा लागत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, आणि आपल्या या पट्ट्यात मधमाशीपालन आधीपासूनच आहे. कच्चा माल शेजारी आहे आणि आपण बाहेर शोधतोय, असं किती धंद्यांत होतं!

दगडावर कापड. पूलला बहुतेक गुळगुळीत विणीचं लोकर-नायलॉन मिसळलेलं, स्नूकरला लव असलेलं लोकरीचं. हा फरक लक्षात ठेवा. लवेच्या कापडाला ब्रश मारताना लवेची दिशा सांभाळावी लागते, आणि त्याची ती खास इस्त्रीही असते. गुळगुळीत कापडाला इस्त्रीची गरज नाही. एका घरात ताईंनी व्हिडिओ बघून पूलच्या कापडावर घरातली वाफेची इस्त्री फिरवली होती. कापड चकाकलं, ताणलं गेलं आणि मधोमध सैल पडलं. व्हिडिओ माझा नव्हता, एवढं समाधान!

कडेला कुशन, म्हणजे रबर. त्याला ऊन सोसत नाही. टेबल खिडकीत असलं की रबर वाळून कडक होतं, बॉल आदळला की 'ठक्क' असा मेलेला आवाज येतो आणि बॉल अर्ध्यातच थांबतो. कुशनची उंची बॉलच्या मापावर ठरलेली असते, बॉलच्या व्यासाच्या साधारण ६३ टक्के. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर, स्नूकरचा ५२.५. घरातला एखादा बॉल हरवला म्हणून दुसऱ्या मापाचा आणून टाकला तर तो कुशनला चुकीच्या ठिकाणी लागतो. मग मालक म्हणतो, टेबल बिघडलं.

खेळून टेबल फारसं बिघडत नाही. ते बिघडतं न खेळता. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याहून बराच कमी आणि वाईला आणखी कितीतरी कमी. पण बंगला मे महिन्याच्या शेवटी बंद होतो तो दिवाळीला उघडतो, आणि मधल्या काळात आतली हवा हलतच नाही. दगड ओल पीत नाही, पण गार दगडावर हवेतली ओल साचते आणि ती कापड पितं. खालचं लाकडी फ्रेम फुगतं, पाय हलतात. परदेशात मोठ्या स्नूकर स्पर्धांत स्लेटखाली हीटर बसवलेले असतात ते याच कारणाने. कापड कोरडं राहिलं की बॉल वेगाने आणि सरळ पळतो.

आपल्याला हीटर परवडत नाही, पण हायग्रोमीटर परवडतो. काहीशे रुपयांत येतो आणि खोलीतली आर्द्रता दाखवतो. ५० च्या आसपास उत्तम, ६० पर्यंत चालतं, ७० च्या वर चार दिवस राहिला तर हालचाल करायची. हालचाल म्हणजे काय? कव्हर काढा, पंखा लावा. मोठ्या घरात डीह्युमिडिफायर असेल तर तो चालवा, बादलीभर पाणी ओढून घेतो. कव्हर सुती कापडाचं ठेवा. रेक्झिन फक्त गळकं छप्पर असेल तर, आणि तेही वरून तिरकं, टेबलाला चिकटून नाही. पाऊस उघडला की दोन-तीन तास खिडक्या उघडा, पण धुकं आत शिरत असेल तेव्हा मुळीच नको. नवीन केअरटेकर इथेच चुकतो. वारा घ्यायचा म्हणून सकाळी सातला खिडकी उघडतो आणि अख्खा ढग घरात घेतो.

कापड लोकरीचं असेल तर कसर लागते, आपल्या शालीला लागते तीच. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून टेबलाखाली फ्रेमला लटकवायच्या, कापडावर ठेवायच्या नाहीत, डाग पडतो. सातारकडच्या एका घरात मे महिन्यात टेबलावर चादर टाकून कुरडया वाळत घातल्या होत्या, कारण 'एवढं मोठं सपाट दुसरं काय आहे घरात?' कुरडया छान वाळल्या. त्यांच्या चुऱ्यामागून उंदीर आले आणि चामड्याच्या दोन जाळ्या कुरतडल्या. मला त्या काकूंना काही बोलवलं नाही, त्यांनी कुरडया तळून समोर ठेवल्या होत्या.

रोजच्या देखभालीला फार वेळ लागत नाही. खेळ संपला की ब्रश. आधी कुशनच्या नाकाखालची खाच, कारण खडूची भुकटी तिथेच साठते, मग मधला भाग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सरळ रेषेत. गोल-गोल घासायचं नाही. हे गिऱ्हाइकाला पटवायला खडूची गोष्ट सांगायची. क्यूच्या टोकाला लावतात तो खडू शाळेतला खडू नाहीच. त्याचा मसाला १८९७ मध्ये अमेरिकेत पेटंट झाला, आणि त्यात सिलिका व कुरुंदासारखी घासणारी पूड असते. थोडक्यात, बारीक सॅंडपेपर. तो कापडात राहिला की प्रत्येक बॉल त्याच्यावरून घासत जातो. म्हणून खडू टेबलाबाहेर उभं राहून लावायचा, आणि वडी कडेवर ठेवली तर तोंड वर करून.

व्हॅक्युम क्लीनर महिन्यातून एकदा, मऊ ब्रशचं तोंड लावून आणि कमी जोरावर. बॉल कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवायचे, लगेच कोरडे पुसायचे. मळका बॉल कापड खराब करतो, मळकं कापड बॉल. चहा सांडला तर टिपायचा, घासायचा नाही. मग ओल्या फडक्याने परत टिपायचा, कारण साखर राहिली तर मुंग्या येतात.

आणि पावडर! भिलारच्या बाजूला एका घरात पोरांनी टेबलावर चक्क कॅरमची बोरिक पावडर टाकली होती. "काका, बॉल सटासट पळावा म्हणून." आपली पोरं कॅरमवर वाढलेली, त्यांचा तरी काय दोष? पण कॅरमची सोंगटी घसरते, पूलचा बॉल लोळतो. लोळायला कापडाची पकड लागते. विणीत गेलेली ती पावडर काढायला मला दोन फेऱ्या लागल्या आणि कापड पहिल्यासारखं झालंच नाही. आता माझ्या प्रत्येक टेबलाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते: 'कॅरमची पावडर बंद'. सगळ्यात जास्त उपयोग झालेली जाहिरात तीच, कारण पाहुणे तिचा फोटो काढतात आणि खाली माझा नंबर आहे.

क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. लाकूड वाकतं. आडवी किंवा रॅकमध्ये सरळ उभी.

आता पाणसळ. सगळ्यात जास्त फोन यासाठी येतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. बॉल एका बाजूला जातो म्हटल्यावर घरमालक पहिलं काय करतो? टेबलाची कड धरून उचलतो आणि पायाखाली पुठ्ठा सारतो. कड धरून चारशे किलो उचलायला गेलं की कुशन धरून ठेवणारे बोल्ट ढिले होतात, कधी लाकूडच चिरतं. उचलायचं फ्रेमखाली गाडीचा स्क्रू-जॅक लावून, मध्ये लाकडाचा तुकडा ठेवून, केसभर.

गवंड्याची पाणसळ भिंतीला ठीक, टेबलाला नाही. मशीन बसवणारे फिटर वापरतात तसली बारीक पाणसळ घ्या. ती महाग आहे, पण माझ्या पेटीतली सर्वांत जास्त कमावणारी वस्तू तीच. आधी लांबी, मग रुंदी, मग चारही कोपरे, मग पुन्हा मधोमध. पायाला स्क्रू असेल तर तो फिरवायचा, नसेल तर पत्त्याच्या जुन्या कॅटमधली पानं पायाखाली एकेक सारायची. एक पान म्हणजे साधारण पाव-तीस शतांश मिलिमीटर. शेवटी बॉल हळू, अगदी हळू सोडून बघायचा, दोन्ही दिशांनी आणि दोन वेगवेगळ्या बॉलनी. पहिल्यांदा मी तासभर टेबल हलवत बसलो होतो, आणि वाकडा होता तो बॉल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगा. बॉल संपूर्ण टेबलावर एकाच बाजूला ओढला जात असेल तर ते पायाचं काम, तासाभरात होतं. पण बॉल एका ठरावीक रेषेवर उडतो किंवा वळतो, तर दगडाचा सांधा वर आलाय. त्यासाठी कापड उतरवावं लागतं आणि खर्च कितीतरी पट होतो. पाय फिरवून सांधा बसत नाही. जो मिस्त्री 'बघतो, होईल' म्हणत पाय फिरवत बसतो आणि पैसे घेऊन जातो, त्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

नवीन टेबल घेणाऱ्याला मी आधी टेप देतो, मग टेबल दाखवतो. नेहमीची क्यू ५८ इंचांची. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग ८८ बाय ४४ इंच. चारही बाजूंना क्यूची जागा सोडली तर खोली हवी १७ फूट बाय १३ फूट ४ इंच. सात फुटीला १६ फूट २ इंच बाय १२ फूट ११ इंच. एवढी जागा नसेल तर ४८ इंची आखूड क्यू घ्या, म्हणजे सात फुटी टेबल साडेचौदा बाय सव्वाअकरा फुटांत बसतं. या हिशोबाने माझी काही विक्री मोडली. मोडू दे.

एक विक्री तर मीच मोडली. वाईतला जुना वाडा, वरची माडी लाकडी तुळयांची, आणि मालकांना नातवंडांसाठी माडीवर स्लेटचं टेबल हवं होतं. चारशे किलोचं टेबल, वर वाकून खेळणारे चार-सहा जण. मी म्हटलं, "तात्या, इंजिनिअरने तुळया बघून लिहून दिलं तरच लावतो." तात्या रागावले. म्हणाले, "आमच्या आजोबांनी या माडीवर गव्हाच्या पोत्यांची थप्पी लावलीय." मी टेबल दिलं नाही. त्यांनी दुसरीकडून घेतलंही नाही. खाली सोप्यात कॅरम आला, तो मात्र माझ्याकडूनच नेला.

पैशाचं बोलू. सुरुवातीला मी वर्षाला चार फेऱ्यांचे २,५०० रुपये सांगत होतो. वहीत लिहायला लागलो तेव्हा कळलं, एका फेरीला अर्धा दिवस जातो, पेट्रोल, एक हेल्पर, वर महाबळेश्वरला गाडी लावायची कटकट वेगळी. म्हणजे मी खिशातून भरत होतो. आता ६,००० घेतो, कापड-रबर वेगळं. फेऱ्या अशा: मेच्या अखेरीला बंदोबस्त, जुलै-ऑगस्टमध्ये ओल तपासणी, दिवाळीआधी पूर्ण लेव्हल आणि सफाई, आणि जानेवारीत एक. एका घरासाठी कधीच घाट चढत नाही, त्याच दिवशी निदान तीन घरं जोडतो. माझा आकडा तुम्ही उचलू नका, तुमच्या गावाचं अंतर आणि तुमचा अर्धा दिवस काय किमतीचा आहे ते आधी वहीत मांडा.

कापड बदलण्याचं काम लगेच घेऊ नका. ताण एकसारखा बसला नाही तर सुरकुती पडते आणि कापड वाया जातं. मी पहिली दोन कापडं माझ्याच गोडाऊनमधल्या टेबलावर लावून-काढून फाडली. ते फुगलेलं एमडीएफचं टेबल, हो, तेच. ३८,००० रुपयांचा सराव-ओटा!

आणि करार मालकाशी असला तरी काम केअरटेकरशी आहे. मालक महिन्यातून दोनदा येतो, मामा रोज असतात. म्हणून पहिल्या फेरीत मी मामांना शेजारी उभं करून ब्रश त्यांच्या हातात देतो, आणि वर्षाला एक ठरलेली रक्कम त्यांनाही देतो. मालकाला सांगून, लपवून नाही. कुणी म्हणालं, हा खर्च वाचव. एक फेरी वाचते त्याने माझी.

त्या पाचगणीच्या बंगल्याचं राहिलंच. पैसे परत केल्यावर वर्षभराने त्यांचाच फोन आला. साताऱ्यातला एक पूल पार्लर बंद होत होता, तिथलं जुनं स्लेटचं टेबल मी त्यांना मिळवून दिलं. दगड शाबूत होता, कापड आणि कुशन नवीन टाकली, मांघरकडच्या मेणाने सांधे भरले. हा त्याचा तिसरा पावसाळा. मामांनी हायग्रोमीटर टेबलाच्या पायाशी ठेवलाय आणि रोज संध्याकाळी त्याचा फोटो मला पाठवतात, खाली एक शब्दही न लिहिता. काल आकडा ७१ होता. मी फोन केला तर म्हणाले, "कव्हर काडलंय, फॅन लावलाय. तुमी रविवारी येताच न्हवं?"

रविवारी सकाळी सातला निघतोय. आधी त्यांच्याकडे, मग भिलारची दोन घरं.